या, बसा, शेका

१

परसातून टक-टक असा आवाज आला आणि मला वाटलं, कुणीतरी मागचं दार वाजवतंय. मी दार उघडलं. कुणी नव्हतं. दोरीवर वाळत घातलेले कपडे तेवढे होते. वाऱ्यानं झुलत होते आणि एकमेकांवर आपटून फळ्यांसारखे वाजत होते. एका सदऱ्याची बाही पुढच्या सदऱ्याच्या पाठीवर ठोकत होती, रांगेतल्या माणसानं पुढच्याला म्हणावं तशी, अहो, जरा सरका की.

किती वर्षं झाली, तरी तो आवाज कानात आहे.

"आई, कपड्यांचं लाकूड झालं!" मी ओरडलो.

"झालं तर झालं," आतून आई म्हणाली. "आत आण. आणि जपून. गिऱ्हाइकाची बाही मोडून आणलीस तर चिकटवून कोण देणार?"

आमची लाँड्री होती. पुढे इस्त्रीची खोली, मागे परस, परसात धुण्याचा हौद आणि दोऱ्या. वडील गेल्यानंतर आई, मी आणि माझी बायको मिळून ती चालवत होतो. शाळेत मी फारसा टिकलो नाही. पुस्तकाचं आणि माझं कधी जमलंच नाही. कपडा मात्र हातात आला की कळायचा.

थंडी आम्हाला नवी नव्हती. पण त्या वर्षीची थंडी म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. नळाला पांढरी दाढी फुटली. हौदावरचा बर्फ सकाळी कुऱ्हाडीनं फोडावा लागे. बादलीची कडी उघड्या हातानं धरली तर कातडी तिथंच राहायची. दूधवाला दारात येऊन विचारायचा, "आज मापानं देऊ की तुकडा मोडून?" रस्त्यावर लोक बोलायचे तेसुद्धा काटकसरीनं, कारण तोंड उघडलं की दात ठणकायचे.

आणि तरी, खरं सांगतो, आमच्या घरातले ते सगळ्यात मजेचे दिवस होते.

२

त्याचं कारण आमची भट्टी. आमच्या इस्त्र्या म्हणजे नुसते लोखंडाचे ठोकळे, वर लाकडी मूठ. त्या भट्टीवर ओळीनं ठेवायच्या. हातातली गार झाली की परत ठेवायची आणि तापलेली उचलायची. त्यामुळे भट्टी दिवसभर पेटलेली असायची आणि अख्ख्या गल्लीत आमच्याच खोलीत माणूस कानटोपी काढून बसू शकत होता. मग काय, लोकांना अचानक इस्त्रीची फार गरज पडायला लागली. कुणी एक हातरुमाल घेऊन यायचं आणि दिवे लागेपर्यंत हलायचं नाही.

रोजचा ठरलेला पाहुणा म्हणजे शेजारचा घड्याळजी. काडीसारखा बारीक माणूस. तो रुमालसुद्धा आणायचा नाही.

"काकू, माझी बोटं आखडली. आखडलेल्या बोटांनी घड्याळ उघडलं तर स्क्रू कुठे जाईल सांगता येत नाही."

"तुझ्या डोक्यातला एक आधीच पडलाय," आई म्हणायची. "बस."

गोठलेले कपडे आम्ही आत आणायचो ते कमरेत धरून, उभेच्या उभे. घडी घालायला गेलं तर धागा तुटायचा. म्हणून भिंतीच्या कडेला जे लांब बाक होतं, त्यावर ते बसवायचे आणि ऊब लागून मऊ पडेपर्यंत थांबायचं. आता बिनडोक्याचा, ताठ छातीचा फौजदाराचा सदरा बाकावर बसला, शेजारी शाळेच्या मोठ्या बाईंचा पायघोळ झगा बसला, की हसू येणार नाही तर काय होईल? पहिल्याच दिवशी आईनं त्यांना हात जोडून म्हटलं, "या, बसा, शेका." बायको इतकी हसली की पोट धरून खाली बसली. तेव्हा तिच्या पोटात बाळ होतं.

त्या दिवसापासून ती रीतच पडली. मी कपडे घेऊन आत आलो की आईनं मान वर न करता म्हणायचं, "या, बसा, शेका." मग घड्याळजी पैज लावायचा, आधी कोण वाकेल. पैज चहाची. फौजदार दिसायला कडक, पण सगळ्यांच्या आधी त्याचाच खांदा पडायचा. मोठ्या बाई हळूहळू, अगदी प्रतिष्ठेनं पुढे झुकायच्या. बाकाखाली पाण्याचं थारोळं साचायचं. मी फडकं मारायचो आणि कपडे इस्त्रीच्या टेबलावर घ्यायचो.

३

त्याच थंडीत आमची मुलगी झाली. दिवस भरायच्या बरीच आधी.

नर्सबाई आल्या, त्यांनी बाळाला उचललं आणि भट्टीच्या उजेडात नेऊन पाहिलं. एवढासा जीव. माझ्या तळहातावर मावला असता आणि बोटं मोकळी राहिली असती. बायको म्हणाली, "बटणाएवढी आहे हो." तेच नाव पडलं. बटण.

"हिला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर रस्त्यातच गारठेल," नर्सबाई म्हणाल्या. "तुमचं नशीब, तुमच्याकडे ही भट्टी आहे. ही खोली म्हणजे अजून आईचं पोटच आहे असं समजायचं. बाहेरची थंडी ओसरेपर्यंत गारवा हिला शिवता कामा नये. नखांवर नजर ठेवा. निळी दिसली की ऊब कमी पडतेय."

"आणि भट्टी मंदावली तर?" मी विचारलं.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हातमोजे चढवायला लागल्या.

मग आम्ही सगळे त्या एकाच कामाला लागलो. कपड्यांची वेताची टोपली रिकामी केली, तिच्यात मऊ, उबदार फलाटणीचे तुकडे पसरले. एक तुकडा बाळाभोवती, दुसरा इस्त्रीखाली. तिच्या अंगावरचा निवायच्या आत दुसरा तापून तयार. आई भट्टीत कोळसे घालायची, मी तुकडे गरम करायचो, गालाला लावून बघायचो आणि बायकोकडे द्यायचो. घड्याळजी टोपलीवर वाकून कान लावायचा.

"चालू आहे वहिनी," तो म्हणायचा. "जरा मागे पडतंय, पण चालू आहे."

"किल्ली देऊ नका तेवढी," बायको म्हणायची.

बटण थेंब थेंब दूध घ्यायला लागली. एकदा तर अशी रडली, मांजराच्या पिल्लासारखी, की आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. मूल रडलं म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं मी तरी दुसरी पाहिली नाहीत.

४

त्या दुपारी ऊन होतं. नुसतं दिसायला. मी परसातून चादरींचा मोठा भारा घेऊन आलो. फळ्या उचलाव्यात तसा दोन्ही हातांत कवटाळलेला. पायानं दार ढकललं, आत शिरलो, आणि माझ्यामागे दार लागलं.

"या, बसा, शेका," आई टोपलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती.

मी चादरी भिंतीला टेकवल्या. पुन्हा जाऊन सदरे आणले, फौजदाराला त्याच्या जागी बसवलं. तेवढ्यात घड्याळजी आला, हात चोळत बाकासमोर उभा राहिला.

"आज माझी पैज या साहेबांवर," तो म्हणाला.

बाकाच्या टोकाला एक लांब कोट बसला होता. काळपट, जाड लोकरीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बाह्या मांडीवर असाव्यात तशा पुढे घेतलेल्या. मला वाटलं, छान बसवलाय आईनं.

फौजदाराचा खांदा पडला. चादरी घसरून खाली बसल्या. बाकीचे सदरे वाकले. कोट ताठ.

"चहा पाज," मी घड्याळजीला म्हणालो.

"थांब रे, जाड लोकर आहे. वेळ लागणारच." तो वाकून बघायला लागला. "पण याच्याखाली पाणी कसं नाही?"

खरंच नव्हतं. बाकीच्यांखाली थारोळी होती. त्याच्याखालची फरशी कोरडी होती.

"आई, हा कुणाचा आहे गं?"

"मला काय विचारतोस? तू आणलास ना?"

"मी चादरी आणल्या. मग सदरे."

"मग मी आणला? मी सकाळपासून उठले तरी आहे का इथून?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, असेल, सदऱ्यांबरोबर आला असेल. कामाच्या घाईत हात काय काय उचलतात, लक्षात राहत नाही. स्वतःला हे सांगत असतानाच मला आठवलं, की चादरी आणताना माझे दोन्ही हात भरलेले होते. आणि दार ओढून घेतल्याशिवाय लागायचं नाही, वारा त्या बाजूचा नव्हता.

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरमध्ये आई रंगीत दोऱ्याची खूण घालायची, म्हणजे कुणाचं कुणाला जात नसे. ती उठली आणि खूण बघायला तिनं कोटाच्या कॉलरपाशी हात नेला. लगेच काढून घेतला.

"खूण नाही," ती म्हणाली.

"बघितलीस कुठे?"

"नाही म्हटलं ना. राहू दे त्याला. मऊ पडला की बघू."

मग तिनं तो हात बराच वेळ भट्टीवर धरला होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट तसाच होता. मऊ पडायचं लांबच, बाहीला सुरकुतीसुद्धा नाही.

मी माझ्या परीनं विचार केला. आत कापसाचं अस्तर असेल. कापूस पाणी धरून ठेवतो आणि आतला बर्फ विरघळायला वेळ लागतो. असं होतं. आणि तो बाकाच्या टोकाऐवजी मधोमध दिसतोय, तर घड्याळजीनं सरकवला असेल, त्याला कशातही हात घालायची खोड आहे. खोली तर इतकी तापली होती, की माझ्या कपाळावरून घाम गळत होता. पण कोटामागच्या खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची फुलं उमटली होती. आतून. मी नखानं खरवडून पाहिलं.

नर्सबाई आल्या त्या दारातच थबकल्या.

"अगं बाई, आजोबा आलेत का?" त्यांनी मान लववून नमस्कारसुद्धा केला. मग नीट पाहिलं आणि हसत सुटल्या. "कोट होय! काय बाई तुमची चेष्टा. मी म्हटलं, पणजोबा पणतीला बघायला आले."

आम्हीही हसलो. आई सोडून.

नर्सबाई बाळाजवळ गेल्या आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी फलाटीण बाजूला करून पाय बघितले, नखं बघितली.

"काल बरी होती ही. आज गार लागतेय. खोली तर नुसती पेटलीय, मग गारवा येतोय कुठून? दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा."

"बुजवल्यात," मी म्हणालो.

"मग टोपली भट्टीजवळ घ्या. इथे बाकापाशी कशाला ठेवलीत?"

टोपली आम्ही बाकापाशी ठेवलेली नव्हती. भट्टीजवळच ठेवली होती. मी बायकोकडे पाहिलं, तिनं आईकडे. मी टोपली उचलून भट्टीला लावली. संध्याकाळी पुन्हा येते म्हणून नर्सबाई गेल्या.

त्यानंतर मला ते दिसलं. बायको बाळाच्या नाकापाशी बोट धरून बसली होती, श्वास लागतोय का बघायला. मी कोटाकडे बघत होतो. गळ्याच्या वरच्या बटणाच्या वर, जिथं काहीच नव्हतं, तिथं एक बारीक पांढरी वाफ आली आणि विरली. गारठ्यात माणसाच्या तोंडातून येते तशी. त्या खोलीत आमच्या कुणाच्याच तोंडातून वाफ येत नव्हती, इतकी ऊब होती.

"आला," बायको पुटपुटली. श्वास आला, असं तिला म्हणायचं होतं.

पुन्हा वाफ आली.

"आला," ती म्हणाली.

मी वाट पाहत राहिलो. वाफ आली नाही, आली नाही, आणि तेवढा वेळ बायकोही काही बोलली नाही. मग वाफ आली.

"आला हो," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

६

घड्याळजी आला तेव्हा मी कोटाला कमरेत धरून उचलायचा प्रयत्न करत होतो. रोज शंभर कपडे उचलणारा मी, तो कोट तसूभर हलला नाही. गोठलेला कपडा आतून पोकळ असतो, बोटानं ठोकलं की कळतं. हा पोकळ नव्हता.

"बाहेर काढू हा कोट," मी म्हणालो. "ये, दुसऱ्या बाजूनं धर."

"नको," आई म्हणाली.

"का नको? आई, बाळाकडे बघ!"

"बघतेच आहे. कालपासून तेच बघतेय." ती भट्टीपाशी उकिडवी बसली होती. "अरे, मी त्याला या म्हटलंय. बसा म्हटलंय. शेका म्हटलंय. न बघता म्हटलं, पण म्हटलं ना? दारात आलेल्याला आपण होऊन आत घ्यायचं आणि मग मानगूट धरायची? असा तो जाईल असं तुला वाटतं?"

"तू कपड्यांना म्हणालीस! चेष्टेनं!"

"त्याला काय माहीत?"

घड्याळजीनं माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि तो बाकापासून दोन पावलं मागे सरला.

बायकोनं बाळाला टोपलीतून उचलून छातीशी घट्ट धरलं होतं. तिनं बटणचा हात उजेडात धरला. नखं निळी होती. जांभळ्यावर चाललेली. मला वाटलं आता ही रडेल. पण ती माझ्यावर डाफरली.

"अहो, उभे काय राहिलात? तो शेकायला आलाय ना? मग शेकवा त्याला! एवढा मोठा माणूस बाकावर गारठून बसलाय आणि आपण त्याच्यावर पैजा लावतोय! त्याला ऊब मिळत नाही म्हणून तो हिची घेतोय. इस्त्री करा."

"काय?"

"इस्त्री करा त्याला! लाँड्रीवाले ना तुम्ही?"

मी सगळ्यात तापलेली इस्त्री उचलली. तिला पाण्याचं बोट लावलं, ती चुर्र झाली. आणि बसलेल्या कोटाच्या बाहीवर ठेवली.

चुरचुर नाही, वाफ नाही. माझ्या हातात ती इस्त्री आडातून काढलेल्या दगडासारखी गार झाली.

"पुढची," बायको म्हणाली.

घड्याळजीनं पुढची दिली. तीही गेली. आई कोळसे ओतत होती, फुंकत होती, घड्याळजी गार इस्त्र्या भट्टीवर फेकून गरम माझ्या हातात देत होता. देताना त्याचे दात वाजत होते. "घे. घे. ही घे. जरा जपून, गिऱ्हाईक मोठं दिसतंय," असं काहीतरी तो बडबडत होता, आणि त्या बडबडीचे माझ्यावर फार उपकार आहेत. मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून वर. एक बाही, मग दुसरी. किती इस्त्र्या गार झाल्या कोण जाणे. पण मग एकदा बारीक चुर्र आलं. ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्याच्या मागून दुसरा एक वास, फार लांबून चालत आलेल्या माणसाच्या कपड्यांना येतो तसा.

मी खांद्यावर इस्त्री फिरवली आणि इस्त्रीखाली तो खांदा हलला. दमलेल्या माणसाचा खांदा चोळला की तो जसा मागे रेलतो, तसा.

मला इस्त्री टाकून पळावंसं वाटलं. पण इस्त्री एका जागी थांबली की कपडा जळतो, हे लहानपणापासून हातात भिनलेलं. हात फिरत राहिला.

कॉलर शेवटी करायची असते. कॉलर उभी केली. आत बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण न बघता कॉलर नीट होत नाही. मी पाहिलं. आत अस्तर होतं, आणि अस्तराच्या आत खूप खोलवर, आडात वाकून बघितल्यावर दिसावं इतक्या खाली, कुणीतरी मान टेकून बसलं होतं. डोळे मिटलेले होते. भट्टीपाशी बसल्यावर सुखानं आपण मिटतो, तसे.

मी कॉलर दुमडली.

बाकाखाली पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा. मग धार लागली.

"डावा खांदा," घड्याळजी कसाबसा म्हणाला. "आधी डावा खांदा पडला." सवयच तशी.

आणि मागून बायकोचा आवाज आला, "अहो!" मी वळलो. बटणचं तोंड उघडं होतं, चेहरा लालभडक, आणि ती रडत होती. पिल्लासारखी नाही. चांगली भोकाड पसरून, गल्लीला ऐकू जाईल अशी. आई कोळशाच्या हातांनीच तोंड झाकून हसायला लागली, कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी झाली, आणि ते बघून घड्याळजी, आणि ते बघून मी. बायको बाळाची बोटं एकेक करून मला दाखवत होती. बघा, ही बघा गुलाबी. ही पण. ही पण.

ती बटण आता स्वतः आजी आहे. आवाज तसाच आहे.

७

आम्ही हसत होतो, तेव्हा तो उठला.

कसा उठला ते मी सांगू शकणार नाही. बाकावर होता आणि मग खोलीच्या मधोमध उभा होता, उंच, मी केलेली इस्त्री अंगावर घेऊन. आमचं हसणं तोंडातच राहिलं. तो दाराकडे गेला नाही. बायकोच्या समोर जाऊन थांबला आणि वाकला. कॉलर बाळाच्या चेहऱ्यावर आली. एक बाही हळूहळू वर उचलली जाऊ लागली.

मी धावणार होतो.

बायकोनं बाळाला मागे घेतलं नाही. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता, पण आवाज मात्र रोजचा, दारावर आलेल्या कुठल्याही पाहुण्याशी बोलावं तसा.

"बघायचंय? बघा की. पण हात लावायचा नाही. हात गार आहेत तुमचे."

बाही होती तिथं थांबली. मग खाली गेली. मग दोन्ही बाह्या पाठीमागे गेल्या आणि तिथं एकमेकांत गुंतल्या, कुणी रागावलं की मोठी माणसंसुद्धा हात मागे घेतात तशा. तसाच वाकून तो बघत राहिला. बटण त्याच्याकडे बघून एकदा शिंकली.

बायकोला हसू फुटलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"झालं बघून?" ती म्हणाली.

तो सरळ झाला. पुढचं दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि गल्लीतून माणसं जात-येत होती. आईनं सवयीनं तोंड उघडलं, "पुन्हा या" म्हणायला, आणि बायकोनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं दोन्ही ओठ दातांखाली धरले.

मी दारापर्यंत गेलो. कोट गल्लीच्या मधून चालला होता. बाह्यांवरची घडी ओळंबा धरल्यासारखी सरळ होती, मीच केलेली. समोरून येणारी एक बाई त्याला वाट द्यायला बाजूला झाली आणि पुढे गेली, तिला काही वावगं वाटलं नसावं. कोपऱ्यापाशी तो क्षणभर थांबला. मला वाटलं आता वळेल, काहीतरी बोलेल. माझ्या हातात अजून इस्त्री होती, कोमट. तो वळला नाही. बाह्या तशाच पाठीमागे धरून, सावकाश, उन्हातून चालत गेला.